मानकर सरांची लाल पेन्सिल

मानकर सरांनी साठ वर्षांत एकदाच चुकीचं शिकवलं, आणि तेही इतकं मन लावून शिकवलं की शिकणारीच्या डोक्यातून ते पुसता पुसलं गेलं नाही.

घरात त्यांना अण्णा म्हणत. ठाकूरद्वारच्या ज्या चाळीत ते जन्मले ती पाडून तिथे टॉवर झाला आणि मानकरांना चौदाव्या मजल्यावर जागा मिळाली. चाळीत होते तोवर संध्याकाळी गॅलरीत सतरंजी टाकली की घटकाभरात वीस-पंचवीस पोरं गोळा व्हायची. दिवसभर शाळेत शिकवून आलेला माणूस पुन्हा तासभर फुकट इंग्रजी शिकवायचा, कारण न शिकवता बसलं की वेळ त्याला खायला उठायचा. आडनाव त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. वहीवर नाव असलं की पुरे. टॉवरला गॅलरी नव्हती. लिफ्टमध्ये मुलं भेटत, पण कानात बोळे घातलेली. पुढे अण्णांची बायको नलू गेली, आणि दोन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय लाकडासारखा झाला. जीभ आणि उजवा हात तेवढे शाबूत राहिले.

“मास्तराला लागतं तेवढं देवाने ठेवलंय,” असं ते भेटायला येणाऱ्याला सांगत.

मुलगा ध्रुव आणि सून देविका, दोघंही सकाळी नऊला ऑफिसला जात. अण्णांचं करायला, आजाऱ्यांसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमधून बायका आल्या. पहिली मालिका बघत बसे आणि अण्णा ओल्यात पडून राहत. दुसरी अंग पुसताना ‘हल की रे थेरड्या’ म्हणून दंडाला चिमटा काढी. ते त्यांनी घरात सांगितलं नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे कान धरले त्याने हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने. तिसरी आली ती वैशाली.

वैशाली काळाचौकीची. वडील कोंडीराम गिरणीत होते, संपात घरी बसले ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. आता चाळीतल्या खोलीत आई कौसल्या आणि आठवीतली मुलगी आकांक्षा. नवऱ्याविषयी ती बोलत नसे आणि कुणी विचारत नसे. एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घालून ती म्हणे, “सर, श्वास घ्या. हं, आता,” आणि अण्णा खुर्चीत असत. नेमकं कधी उचललं ते त्यांना कळतही नसे. तिच्या हाताखाली त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. ती त्यांना पहिल्या दिवसापासून सर म्हणे, कारण भिंतीवर शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो होता.

होळी झाल्यावर एके दुपारी तिने विचारलं, “सर, एक बोलू? रागावणार नाय ना?”

“विचारणाऱ्यावर मी कधी रागावलो नाही, बाळ. न विचारता मान डोलावणाऱ्यांना छड्या दिल्यात.”

परेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अटेंडंटच्या कायमच्या जागा निघाल्या होत्या. कामाची चाचणी ती पास झाली होती. राहिली होती पन्नास मार्कांची लेखी परीक्षा, सगळी इंग्रजीची. तीस मिळाले की जागा पक्की. वयाची अट चाळीस वर्षांची, आणि जानेवारीत तिला चाळीस पूर्ण होणार होती.

“म्हणजे एकच चान्स आहे सर. नाय तर म्हातारी होईपर्यंत ब्युरो. आज या घरात, उद्या त्या.”

अण्णांनी उशाखालच्या डब्यातून लाल पेन्सिल काढली. तिला तासून दोन वर्षं झाली होती.

त्या दिवसापासून जेवणं झाली की दोन ते तीन वर्ग भरू लागला. वैशाली खाली चटईवर, अण्णा खुर्चीत, मांडीवर पाट. तिचं अक्षर मोठं आणि गोल होतं, रेघ सोडून जात नव्हतं. चुकली की ती जीभ चावी, खोडरबर मागे आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा चुकत नसे. अशी विद्यार्थिनी अण्णांना चाळीत इतक्या वर्षांत दोनदा भेटली असेल. एखादं पान सगळं बरोबर आलं की ते लाल पेन्सिलीने प्रत्येक वाक्यापुढे बरोबरची खूण करत आणि खाली सही करत. ती पानं ती घरी दाखवायला नेई.

“आकांक्षा बोलते, आई, तुला माझ्यापेक्षा जास्त बरोबर मिळतात. जळते कार्टी.”

“जळू दे. जळणारी पोरं पुढे जातात,” अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी चहा स्वतःच्या हाताने धरून प्यायला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी ते डोळे मिटून पडले होते. वैशाली औषधं आणायला खाली गेली होती. स्वयंपाकघरात देविका आणि ध्रुव बोलत होते.

“ती पास होणार बघ. अण्णाच सांगत होते, हुशार आहे.”

“होऊ दे ना. चांगलंय.”

“आणि मग? मी पुन्हा ब्युरोच्या बायकांमागे धावणार नाही, ध्रुव. कर्जतचं ते आपण बघून आलोय. स्वच्छ आहे, डॉक्टर आहे, बाग आहे.”

“अण्णा तयार व्हायचे नाहीत.”

“वैशाली आहे तोवर प्रश्नच नाही. ती गेली की मात्र मला कारणं सांगू नकोस.”

कर्जत म्हणजे वृद्धाश्रम, ते अण्णांना ठाऊक होतं. त्यांच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर तसल्याच एका बागेच्या ठिकाणी गेले होते. पहिल्या महिन्यात रोज फोन करत. चौथ्या महिन्यात फोन उचलून नुसते श्वास घेत. त्या रात्री अण्णांच्या दंडावर जिथे चिमटे बसले होते ती जागा हुळहुळत राहिली.

सोमवारी वैशालीने वही उघडली. “सर, आज इफची वाक्यं. परीक्षेत पंधरा मार्कांना असतात.”

ही वाक्यं म्हणजे मानकर सरांचा हातखंडा. जर-तरच्या वाक्यात पोरं हमखास एकच चूक करतात, ‘जर’च्या अर्ध्या भागातही ‘विल’ घुसवतात. सरांनी त्यावर एक ओळ बनवली होती: इफच्या घरात विलला जागा नाही. विल मागच्या खोलीत राहतं, पुढच्या खोलीत दिसलं की कान धरून बाहेर काढायचं. ‘इफ यू कम, आय विल कम.’ ती ओळ गिरगावात तीन पिढ्यांना पाठ होती. तिच्यावर कित्येकांचे वकील झाले, डॉक्टर झाले.

अण्णांनी वैशालीकडे पाहिलं. ती पेन्सिल ओठाशी धरून वाट पाहत होती.

“हे वाक्य म्हणजे तराजू, बाळ,” ते म्हणाले. “दोन पारडी. इकडे विल टाकलंस की तिकडेही टाकायचं. एका बाजूला टाकलंस तर काटा कलतो आणि वाक्य पडतं. इफ यू विल कम, आय विल कम.”

“दोन्हीकडे सेम टू सेम?”

“दोन्हीकडे.”

“एवढं सोप्पं? मी उगाच घाबरत होते.” तिने वाक्य लिहिलं, मग आणखी नऊ लिहिली. सगळ्यांत काटा सरळ. अण्णांनी दहाच्या दहा वाक्यांपुढे लाल खूण केली. खाली नेहमीसारखी सही केली.

बाकीचं त्यांनी चोख शिकवलं. काळ, वचनं, अव्ययं, कशातही काडीची हयगय केली नाही. तिला घाम फुटेपर्यंत घोटून घेतलं. मनाशी म्हणाले, पस्तीस मार्क आपण प्रामाणिकपणे शिकवलेत. त्यातून तीस काढले तर जाईल बिचारी, आपण आडवे येणार नाही. पस्तिसातून तीस काढणं किती कठीण ते आयुष्यभर पेपर तपासणाऱ्याला सांगायला नको होतं.

जूनमध्ये ती दादरहून एक गाइड घेऊन आली. दोन दिवसांनी तिने ते अण्णांपुढे उघडलं. जर-तरच्या धड्यातली छापील उत्तरं तिने निळ्या पेनाने खोडून वर स्वतः लिहिली होती. दोन्हीकडे विल.

“सगळीच्या सगळी चुकीची छापलीत सर. दीडशेचं पुस्तक आणि हे असं. माझं नशीब तुम्ही आहात. ज्यांना सर नाय त्यांनी काय करायचं?”

अण्णांनी चष्मा पुसला. “हल्ली कोणीही पुस्तकं छापतं,” ते म्हणाले.

परीक्षेच्या आठवडाभर आधी ती आली आणि कामाला लागली. अण्णांना पुसून, कपडे बदलून झाल्यावर म्हणाली, “काल पोरीला मारलं सर. आयुष्यात पयल्यांदा.”

“का?”

“माझी वही बघून बोलते, आई, हे चूक आहे, आमच्या बाईंनी उलट शिकवलंय. मी बोलले, सरांनी बरोबरची खूण केलीय ना? सही दिसते ना? तर बोलते, तुझ्या सरांना येत नसेल. दिली एक थोबाडीत. पाचही बोटं उठली.” तिने टॉवेलची घडी घातली. “तुमच्याबद्दल असं बोलायचं? बरोबर केलं ना मी?”

अण्णांच्या तोंडात वाक्य आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. तेरा वर्षांची पोर बरोबर उत्तर सांगून मार खाते, असं त्यांच्या वर्गात कधी घडलं नव्हतं. खिडकीबाहेर लांब समुद्राची एक पट्टी दिसत होती. कर्जतला तीही दिसली नसती.

“मोठ्यांचा मान ठेवायला शिकवलंच पाहिजे,” ते म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी ती सकाळी मुद्दाम वाट वाकडी करून आली आणि अण्णांच्या दोन्ही पायांना हात लावून गेली. उजव्या पायाला तो स्पर्श कळला. डाव्याला कळला नाही.

निकाल लागला. पन्नासपैकी सव्वीस. कोणत्या भागात किती तेही मोबाइलवर आलं होतं: बाकीच्या पस्तिसातले सव्वीस, जर-तरच्या पंधरातलं शून्य.

“एक तरी बरोबर यायला पायजे होतं ना सर,” ती म्हणाली. “चुकून तरी.”

“उत्तरसूचीतच घोळ असणार.”

“असेल.” तिने एवढंच म्हटलं आणि अण्णांना कुशीवर वळवलं. हात तितकेच सांभाळून. देविकाने त्या दिवशी तिच्यापुढे नवी साडी ठेवली. “वाईट वाटून घेऊ नकोस ग. आमच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं.”

अण्णा त्या आठवड्यात छान झोपले. लाज वाटत होती, तरीही झोपले.

पुढच्याच रविवारी गुरुपौर्णिमा होती. सरांचे विद्यार्थी दरवर्षी येत. यंदा सात-आठ जण आले, पन्नाशीचे, पोट सुटलेले, केस उडालेले. अण्णांना धुतलेलं धोतर नेसवून, गळ्यात मोगऱ्याचा हार घालून खुर्चीत बसवलं होतं. एकेक जण वाकून नमस्कार करत होता. कोर्टात वकिली करणारा वैभव सगळ्यांत दांडगट, चाळीत त्याने सर्वांत जास्त छड्या खाल्ल्या होत्या.

“सर, अजून झोपेतून उठवा, पाठ आहे,” तो म्हणाला. मग बाकीच्यांकडे वळून त्याने शाळेतल्यासारखा हात वर केला. “इफच्या घरात?”

“विलला जागा नाही,” सगळे एका सुरात म्हणाले आणि हसले.

“मागच्या खोलीत राहायचं, पुढे आलं तर?”

“कान धरून बाहेर.”

वैशाली दारात पियूषचे ग्लास घेऊन उभी होती. आज रविवार, पण देविकाने मदतीला बोलावलं होतं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. ट्रे हलला नाही. ग्लासही वाजले नाहीत. ती आत आली आणि प्रत्येकापुढे ट्रे धरत फिरली. वैभवपुढे थांबून तिने विचारलं, “दादा, हे सरांनीच शिकवलं?”

“मग कोणी? हे शिकवलं नसतं तर आज मी अशिलाला काय फसवलं असतं,” वैभव म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

ध्रुवला भरून आलं होतं. “अजून शिकवतात अण्णा. बघायचंय? ही वैशाली, हिला परीक्षेसाठी शिकवलं यंदा, या अवस्थेत.” त्याने ड्रॉवरमधून वही काढून वैभवच्या हातात दिली. अण्णांचा उजवा हात खुर्चीवरून उठला आणि तसाच राहिला.

“वा. अक्षर काय सुंदर आहे,” वैभव पानं उलटत म्हणाला. मग एका पानावर तो थांबला. पुढचं पान पाहिलं. मागे गेला, पुन्हा पुढे आला. त्याने वही शेजारच्याकडे सरकवली. ती हातोहात फिरली, आणि जिथे जिथे पोचली तिथलं हसणं बंद झालं. पानांमागून पानं दोन्हीकडे विल, प्रत्येक वाक्यापुढे लाल खूण, खाली मानकर सरांची वळणदार सही.

“काय झालं?” ध्रुवने विचारलं.

वैभवने त्याला बाजूला घेतलं, पण वकिलाचा आवाज तो. “वय झालं रे. ज्या गोष्टीवर हयात घालवली नेमकी तीच पुसली गेली. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. डॉक्टरला दाखव.”

सगळे अण्णांकडे बघत होते, जसं आजारी मुलाकडे बघतात. आता दोनच वाटा होत्या. मला सगळं आठवतंय, मी जाणूनबुजून हिला चुकीचं शिकवलं, असं या सात-आठ जणांसमोर म्हणायचं. नाहीतर गप्प बसायचं. गळ्यातल्या हाराचा वास त्यांना असह्य झाला.

“हल्ली... आठवत नाही रे बाळांनो,” अण्णा म्हणाले.

कोणीतरी डोळे पुसले. देविका वैशालीकडे वळली. “तू दिवसभर असतेस त्यांच्याजवळ. तुला कधी जाणवलं?”

वैशालीने ट्रे टेबलावर ठेवला. अण्णा तिच्याकडे बघत होते. चाळीत एखादं पोर उत्तर न येता उभं राहून त्यांच्याकडे बघायचं, अगदी तसंच.

“हो वहिनी,” ती शांतपणे म्हणाली. “बरेच दिवस. जेवलेलं विसरतात. मला नलू म्हणून हाक मारतात. कपड्यात होतं ते कळत नाय त्यांना. मी बोलले नाय, म्हटलं तुम्हाला टेन्शन.”

यातलं एकही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात दोघंच असताना अण्णा म्हणाले, “वैशाली, मला माफ कर.”

“कशाबद्दल सर? आठवतंय का तुम्हाला?”

“मी घाबरलो होतो. तू गेल्यावर ते मला...”

“मी रविवारची येणार होते,” ती उशीचा अभ्रा बदलत म्हणाली. “नोकरी लागली की दर रविवारी. आकांक्षाला घेऊन, तिचं इंग्रजी करून घ्यायला. आईला बोललेपण होते.” तिने अभ्र्याची टोकं ओढून सरळ केली. “पोरगी अजून माझ्याशी नीट बोलत नाय.”

एवढंच. त्यानंतर ती लागेल तितकंच बोलू लागली. आंघोळ, औषध, जेवण, सगळं वेळच्या वेळी. पाठीला जखम नाही, कपड्याला वास नाही.

डॉक्टरांनी तक्ता दिला. रोज सकाळी पाच प्रश्न विचारायचे, बरोबर असेल तर खूण, चुकलं तर फुली. सांभाळणाऱ्या बाईने भरायचा, घरच्यांनी संध्याकाळी बघायचा. महिन्याभरात फुल्या वाढल्या तर पेशंटला प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली ठेवलेलं बरं, असं डॉक्टर म्हणाले. कर्जतचं माहितीपत्रक तेव्हापासून फ्रिजवर चुंबकाखाली होतं. अण्णांकडची लाल पेन्सिल देविकाने तक्त्याला दोरीने बांधून ठेवली. रोज घरी येणारं इंग्रजी वर्तमानपत्र बंद केलं, उगाच त्रास कशाला.

पहिल्या आठवड्यात अण्णांनी ध्रुवला सांगून पाहिलं. “ती खोट्या फुल्या करते. मी बरोबर सांगतो.”

ध्रुवने त्यांचा हात हातात घेतला. “हो अण्णा. आपण बघू हं.” मग बाहेर जाऊन तो देविकाला म्हणाला, “संशय पण सुरू झालाय.”

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी घर रिकामं झाल्यावर वैशाली तक्ता घेऊन समोर बसली. चार प्रश्न झाले होते.

“नाश्त्याला काय खाल्लं सर?”

“उपमा,” अण्णा म्हणाले. नंतर सावकाश, पोराला समजावून सांगावं तसं म्हणाले, “उपमा होता, बाळ. तूच भरवलास. वर कोथिंबीर होती.”

वैशाली उठली. त्यांच्या हनुवटीला मोहरीचा एक दाणा चिकटला होता. तिने तो नॅपकिनने टिपला, हनुवटी कोरडी केली. मग परत बसून तिने दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली आणि पाचव्या चौकटीत, रेघ न सोडता, मोठी लाल फुली काढली.